पत्रिका जुळली, आता जीन्सही जुळवायचे?

पत्र असं आहे :

"ताई, मी नेरूळला राहते. वय ५८. ह्यांचं आजारपण तीन वर्षं घरातच काढलं, त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, ३० वर्षांचा, ऐरोलीला कंपनीत आहे. त्याचं ते सिगारेटचं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही. कंपनीतलीच एक मुलगी त्याला आवडते. घर ठाण्याला, नौपाड्यात. आमच्याकडे दोनदा आली. दुसऱ्या वेळी जाताना मला न विचारता ओटा पुसून गेली. पत्रिकेत २८ गुण जुळतात, गुरुजींनी मे महिन्यातले दोन मुहूर्तही काढून दिलेत.

गेल्या महिन्यात दोघं तलावपाळीला बसले असताना तिने त्याला सांगितलं की तिच्या आईला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. १९ वर्षं झाली. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, दिवसा एकट्याच असतात. मुलगा मला म्हणाला, 'मला काही फरक पडत नाही, तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.' पण मला पडतो हो फरक. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. जाऊबाई म्हणतात, रक्तातला आजार आहे, मुलीला नाही झाला तर नातवंडांना होईल. भाचा म्हणतो, ऑनलाइन किट मागवायचं, नळीत थुंकी भरून पाठवायची, सगळे जीन्स कळतात. मुलीला एकदा ती टेस्ट करायला सांगू का? मी वाईट सासू व्हायला निघालेय का?

— नेरूळची एक आई"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. वाईट सासू वगैरे काही नाही. जिने तीन वर्षं औषधांच्या वेळा सांभाळल्यात, अंथरुणं बदललीत, रात्री दोन वाजता रिक्षा शोधलीय, ती बाई मुलाच्या संसारात तेच येईल का म्हणून घाबरली तर त्यात वाईटपणा कसला? ही भीती त्या मुलीची नाही, तुमच्या त्या तीन वर्षांची आहे. तिच्या डोक्यावर मात्र ती ठेवू नका.

आणि किट मनातून काढून टाका. मुलीला विचारू नका, मुलाला मध्ये घालूनही विचारू नका. वाईट दिसेल हे तर आहेच, पण मी नको म्हणते ते त्यासाठी नाही. तुम्हाला जे जाणून घ्यायचंय ते त्या नळीतून निघतच नाही. का निघत नाही, ते सांगायला जरा वेळ घेते. जाऊबाईंनाही वाचायला द्या.

आधी आजार. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती हे वेष्टण ठिकठिकाणी कुरतडते. पॅरिसमध्ये शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली ह्या आजाराचं चित्र नीट मांडलं. बहुतेकांना तो २० ते ४० ह्या वयात गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त. संसर्गाने पसरत नाही. त्या माऊलीच्या हातचा चहा पिऊन कुणाला काही होत नाही. तुम्ही हे विचारलं नाहीत, पण असल्या शंका लोक विचारत नाहीत, नुसते कपाला हात न लावता उठतात.

आता 'रक्तातला' ह्या शब्दाकडे येऊ. जनुकीय सल्ल्याच्या ओपीडीत मी पुष्कळ वर्षं काढली. तिथे घराण्याचा आजार कळायला आम्ही आधी कागद-पेन घ्यायचो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा, आणि आजारी माणसाचा चौकोन किंवा गोल काळा भरायचा. काही आजारांत हा कागद पाहिला की गोष्ट लगेच कळते : आजी काळी, आई काळी, मामा काळा, पिढ्यान्‌पिढ्या एक धागा. त्याला आपण खुशाल रक्तातला आजार म्हणू. एमएसच्या घराचा कागद काढला की बहुतेक वेळा भल्या मोठ्या झाडात एकच गोल काळा असतो आणि बाकी सगळे पांढरे. ठाण्याच्या ह्या घरातही, तुमच्या पत्रावरून, तसंच दिसतंय.

आकडे सांगते. आईला किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला तो पुढे कधीतरी होण्याची शक्यता साधारण १०० त २ ते ३. मुलगी आहे म्हणून ३ च्या बाजूला धरा. म्हणजे अशा १०० मुलींतल्या ९७ जणींना तो आयुष्यात कधीच होत नाही. नातवंडं दुसऱ्या पायरीवर, तिथे तो आकडा १०० त १ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातो. आणि हे सगळे मोजमाप युरोप-कॅनडातल्या कुटुंबांचं आहे, जिथे हा आजार मुळातच जास्त. उत्तर युरोपात लाखामागे शंभर-दोनशे रुग्ण असतात, आपल्याकडे लाखामागे पाच-दहा. तेव्हा मी दिलेले आकडे वरच्या टोकाचे समजा.

भाचा मोबाइलवर शोधेल आणि म्हणेल, 'पण मावशी, इथे तर दहापट-वीसपट धोका लिहिलाय.' बरोबर लिहिलंय. पण पटीने माणूस फसतो. राज्य लॉटरीचं एक तिकीट घेण्याऐवजी दहा घेतली तर लागायची शक्यता दहापट झाली की नाही? झाली. म्हणून कुणी आदल्या दिवशी पेढे वाटत नाही. पट ऐकली की 'कशाच्या पट?' हे विचारायची सवय लावून घ्या, डॉक्टरांसमोरही.

तरी जाऊबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. अनुवंशाचा हात आहेच. तो केवढा, हे जुळ्यांवरून कळतं. एकसारख्या जुळ्यांमध्ये, म्हणजे ज्यांची जनुकं अक्षरशः तीच, एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. दोन वेगळ्या बीजांची जुळी असतील तर तीच शक्यता सख्ख्या भावंडांसारखी, शंभरात तीन ते पाच. ह्या तफावतीवरून अनुवंशाचा हात सिद्ध होतो. पण चारात एक म्हणजे चारातले तिघं तीच जनुकं घेऊन धडधाकट राहतात, हेही त्याच आकड्यात आहे. दुसरा पुरावा दत्तक मुलांचा. कॅनडात १९९५ साली पाहिलं, तर एमएसच्या रुग्णासोबत एकाच घरात वाढलेल्या दत्तक नातलगांना हा आजार चारचौघांइतकाच होतो. म्हणजे घर, पाणी, स्वयंपाक ह्यांतून तो येत नाही.

जुळ्यांवरून आठवलं. ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलून सांगते. एक बाई माझ्या सहकाऱ्याकडे एमएससाठी यायची आणि तिची जुळी बहीण सोबत फाइल सांभाळत यायची. धाकटी म्हणावी तर दहा मिनिटांनी धाकटी. मोठी आत तपासायला गेली की ही कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायची. मला वाटायचं, बसवत नसेल. एकदा नीट पाहिलं. ती फरशीच्या जोडरेघेवरून चालत होती, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत, दोरीवरून चालल्यासारखी. आत डॉक्टर तिच्या बहिणीला जे करायला लावायचे तेच. ती स्वतःची परीक्षा घेत होती. दर तीन महिन्यांनी, कुणी पाहत नाही असं समजून. मी पाहतेय हे लक्षात आलं तसं तिने पदर सावरला आणि पाण्याच्या कूलरकडे गेली.

तुमच्या मुलाची ही मैत्रीण विशी-तिशीतली असेल. आईला १९ वर्षं झाली म्हणजे दप्तर पाठीवर होतं तेव्हापासून ती हे बघतेय. पायाला मुंग्या आल्या की मांडी घालून बसल्यामुळे की 'ते'? डोळा चुरचुरला की स्क्रीनमुळे की 'ते'? तुम्हाला महिनाभर झोप नाही. तिच्या अशा किती रात्री गेल्या असतील ते तीच जाणे. आणि तरी तलावपाळीच्या कठड्यावर बसून, लग्न ठरायच्या आधी, कुणी न विचारता तिने सांगितलं. लपवलं असतं तर तुम्हाला मुहूर्तानंतर कळलं असतं.

आता किटचं. ह्यात शास्त्र मोठं रंजक आहे, म्हणून थोडी रेंगाळणार आहे.

एमएसचा आणि जनुकांचा पहिला धागा सापडला १९७२ च्या सुमाराला. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकांची वस्ती आहे. आपला कोण, परका कोण हे प्रतिकारशक्तीला दाखवण्याचं काम ह्या वस्तीकडे. तिथल्या एका प्रकाराचं नाव एचएलए-डीआरबी१*१५:०१. नाव गाडीच्या नंबरासारखं आहे, लक्षात ठेवू नका, आपण त्याला 'पंधरा' म्हणू. हा पंधरा असला की धोका साधारण तिप्पट होतो. त्यानंतर संशोधक पुढचं जनुक शोधत राहिले आणि खात्रीचं असं काही हाती लागायला २००७ उजाडलं. पस्तीस वर्षं! मग मात्र दार उघडलं. २०१९ साली जगभरच्या ४७,४२९ रुग्णांची आणि ६८,३७४ निरोगी माणसांची जनुकं ताडून पाहिली गेली आणि धोक्याशी जोडलेल्या २३३ जागा सापडल्या. त्यातल्या ३२ त्या एचएलएच्या वस्तीतच, एक एक्स गुणसूत्रावर, बाकी २०० इकडेतिकडे विखुरलेल्या. ह्यातली बहुतेक जनुकं मज्जातंतूंची नाहीत, प्रतिकारशक्तीच्या पेशींची आहेत. दुखणं मेंदूत दिसतं, पण सुरुवात पहारेकऱ्यांच्या चौकीत होते.

जुन्या वाण्याचा तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात पंधरा, म्हणजे एक बऱ्यापैकी वजनदार माप. बाकीची दोनशे मापं गुंजभराची. प्रत्येकाच्या पारड्यात ह्यातली काही ना काही असतातच, माझ्या, तुमच्या, जाऊबाईंच्या. उलट बाजूला ओढणारीही असतात, एचएलए-ए*०२ नावाचं एक तर चांगलंच ओढतं. आता त्या पंधराचीच गंमत बघा : उत्तर युरोपात साधारण चारात एका माणसाकडे तो असतो, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच एमएस होत नाही. ह्या गटातली जनुकं आपल्याकडेही काही दुर्मिळ नाहीत. किटचा रिपोर्ट लाल अक्षरात 'धोका जास्त' म्हणाला, तर अशा शंभर लालवाल्यांतले बहुतेक सगळे धडधाकट म्हातारे होतील. हिरव्यात 'धोका कमी' म्हणाला, तरी आजार होणारच नाही असं नाही. शिवाय ती दोनशे मापं मोजली गेली मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत. त्यांच्या तराजूवर आपलं धान्य तोललं तर काटा बरोबर दाखवेल याची हमी कोण देणार? म्हणून कुठलाही शहाणा न्यूरॉलॉजिस्ट निरोगी माणसाला एमएससाठी जनुकीय चाचणी सांगत नाही. ठाम निदान झालेल्या रुग्णालाही सांगत नाही, तिथेही एमआरआय आणि कण्यातलं पाणीच कामी येतं.

अशा जनुकांना लोक 'दोष' म्हणतात, तो शब्दही मला खटकतो. २०२४ साली हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास छापून आला. त्यावरून दिसतं की हा पंधरा, आणि एमएसकडे झुकवणारी आणखी काही जनुकं, सुमारे ५,००० वर्षांपूर्वी गवताळ मुलखातल्या पशुपालक टोळ्यांबरोबर युरोपात पसरली. गुराढोरांच्या सहवासात, रोगराईत, ती त्या लोकांच्या उपयोगी पडत असावीत. कडक पहारेकरी होते ते. आता चोर उरले नाहीत आणि पहारेकरी घरच्यांवरच संशय घेतो, असं काहीसं झालंय.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएस इतर भारतीयांपेक्षा ठळकपणे जास्त आढळतो, लाखामागे वीसहून अधिक. मुंबईचे नामवंत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते १९९० साली मांडलं. त्याच शहरातले लोक, तोच समुद्र, तोच घाम, आणि आकडा वेगळा. अनुवंशाचा हात दाखवायला ह्याहून घरगुती पुरावा नको. पण लाखात वीस म्हणजे लाखातल्या ९९,९८० पारशांना तो नाही, हेही मोजा.

मग पारडं खाली कशाने जातं? एक नाव आता जवळजवळ पक्कं झालंय : एप्स्टीन-बार विषाणू. अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटीच्या वर तरुणांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या ९५५ जणांना एमएस झाला होता. हा विषाणू अंगात शिरल्यावर धोका ३२ पट वाढल्याचं २०२२ साली दाखवलं गेलं. पण पुन्हा तेच, जगातल्या १०० प्रौढांतल्या ९५ जणांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. आपल्या वस्त्यांत बहुतेकांना लहानपणीच, साध्या सर्दी-तापासारखा. तरुण वयात झाला तर तो जास्त त्रास देतो आणि धोकाही तेव्हाच वाढवतो. आपल्याकडे एमएस कमी असण्यामागे हे एक कारण असावं असा तर्क आहे. पारडं खाली नेणारं दुसरं नाव ड जीवनसत्त्वाची कमतरता, तिसरं किशोरवयातला लठ्ठपणा.

आणि चौथं तुमच्या पत्रात आहे, ताई. एका ओळीत उरकलंत तुम्ही ते. सिगारेट.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ साली हिशोब मांडला. ज्यांच्याकडे पंधरा आहे आणि वाचवणारं ए*०२ नाही, पण सिगारेट ओढत नाहीत, त्यांचा धोका साधारण पाचपट. तीच जनुकं आणि वर सिगारेट, तर चौदापटीच्या घरात. मापं नुसती बेरजेत जात नाहीत, गुणाकारात जातात. आणि दुसऱ्याने सोडलेला धूरही धोका वाढवतो, तेही त्याच मंडळींनी दाखवलंय. त्या मुलीची जनुकं तुम्ही बदलू शकत नाही, ती स्वतःही नाही. तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचा धूर मात्र बंद होऊ शकतो. टेस्ट सुचवायचीच असेल तर घरातल्या घरात, मुलाला सुचवा : एक महिना सिगारेटशिवाय काढून दाखव म्हणावं.

बरं, लग्नाआधी रक्त तपासायचं मनात असेल तर त्यालाही योग्य जागा आहे. थॅलेसेमिया. तो खऱ्या अर्थाने रक्तातला आजार. मुलगा आणि मुलगी दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतः धडधाकट पण ते जनुक बाळगणारे, असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळ मेजर जन्मेल आणि आयुष्यभर रक्त चढवावं लागेल. उल्हासनगरच्या सिंधी समाजाने ह्याच्यापायी काय सोसलंय ते आपल्या जिल्ह्यात अनेकांना ठाऊक आहे. साधा सीबीसी आणि हिमोग्लोबिन ए२ ची तपासणी, एवढंच लागतं. तिथे उत्तर स्पष्ट मिळतं आणि त्या उत्तराचं काही करताही येतं. पण ही तपासणी दोघांची असते. एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये, तुमच्या मुलाचं रक्त आधी.

एक गोष्ट मात्र तिच्या घरच्यांच्या उपयोगाची आहे, आणि ती ओळख वाढल्यावर, तेही तुमच्या मुलाने, हळूच सांगावी. १९ वर्षांपूर्वी एमएस म्हणून लिहिलेलं निदान आज पुन्हा पडताळून पाहण्यासारखं असतं. एनएमओ नावाचा एक वेगळा आजार आहे, तोही डोळ्याच्या नसेला आणि कण्याला धरतो, आणि पूर्वी तो एमएसच्याच खात्यात जायचा. त्याची ओळख पटवणारं रक्तातलं प्रतिपिंड सापडलं २००४ साली. आपल्याकडे हा घोळ पुष्कळ झालाय. औषधं दोन्हींची वेगळी, एमएसची काही औषधं एनएमओत उलट नुकसान करतात. तिच्या आईची ती तपासणी कदाचित झालीही असेल. झाली नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारायला हरकत नाही. आणि निदान एनएमओ निघालं, तर अनुवंशाची गोष्ट आणखीच मागे पडते.

आता समजा, शंभरातल्या त्या तीन जणींतली एक ती निघाली. खोटा धीर मी देणार नाही. काय पाहायचं ते तिला बहुधा पाठच असेल, तुम्हीही ऐकून ठेवा : एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधुक होणं आणि डोळा फिरवला की दुखणं, एकाची दोन दिसणं, हात-पाय किंवा अर्धं अंग बधिर होऊन २४ तासांच्या वर तसंच राहणं, मान पुढे वाकवली की पाठीतून झटका गेल्यासारखं वाटणं. असं काही झालं तर वेळ न घालवता न्यूरॉलॉजिस्ट. तोवर 'एकदा एमआरआय काढून बघू' हे नको, निरोगी माणसाच्या एमआरआयमध्ये कुठे एखादा पांढरा ठिपका दिसला की घर वर्षभर हवालदिल होतं.

तिच्या आईकडे पाहून मुलीचं भविष्य वाचू नका, हेही सांगायला हवं. एमएसवरचं पहिलं खास औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९३ साली. आज डझनावर आहेत, काही फार परिणामकारक. सुरुवातीलाच नेमकं औषध मिळालेली माणसं नोकरी करतात, मुलं वाढवतात, लोकलमध्ये धक्के खातात. शिवाय आजार होणं आणि आजार जोरात वाढणं, ह्यांची जनुकंसुद्धा वेगळी निघालीयत. २०२३ साली २२,००० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात एक जागा सापडली : तिची धोक्याची प्रत आई आणि वडील दोघांकडून आलेल्या रुग्णांना चालायला आधार जवळपास पावणेचार वर्षं आधी लागतो. ती त्या २३३ मध्ये नाही. मेंदूची झीज सोसण्याशी तिचा संबंध असावा असं दिसतं. तेव्हा आई वॉकरवर म्हणून लेकही वॉकरवर, हा हिशोब शास्त्रातही बसत नाही.

दोन कामाच्या गोष्टी तिच्या आईसाठी, कारण त्या तुमच्या विहीण होणार आहेत असं मी धरून चाललेय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढून घ्यावं. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईतून काम करते. फिजिओथेरपी, सल्ला, आणि मुख्य म्हणजे तोच आजार असलेली इतर माणसं तिथे भेटतात. १९ वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नसेल असं नाही, पण ठाण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी स्वतः पाहिलंय, रुग्णाला दहा वर्षं गोळ्या मिळत राहिल्या आणि संस्थेचं नाव एकाने काढलं नाही.

राहिला तुमचा मे महिन्यातला मुहूर्त. गुरुजींचा मान राखून सांगते, तो टाळा. एमएसच्या माणसाला उष्णता सोसत नाही. अंग थोडं जरी तापलं की जुनी दुखणी वर येतात, पायातलं बळ जातं, नजर धूसर होते. नवा हल्ला नसतो तो, अंग निवलं की उतरतो, पण ठाण्याच्या मेमध्ये, नऊवारी नेसून, दोनशे माणसांत ती बाई उभी कशी राहणार? लेकीच्या लग्नात तिला मंगलाष्टकांना आतल्या खोलीत पंख्याखाली बसायला लावू नका. डिसेंबर-जानेवारी बघा. हॉलला लिफ्ट आहे का ते विचारा, आणि 'आहे' म्हणाले तरी स्वतः जाऊन चालते का ते बघा. स्टेजला तीन पायऱ्या असतात, तिथे फळीचा उतार टाकून देतात, आधी सांगावं लागतं.

पण त्याच्याही आधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या. बैठकीसाठी नको, पाहुण्यांचा लवाजमा नको, जाऊबाई तर अजिबात नकोत. नेरूळहून ठाण्याची थेट लोकल पकडा, दुपारची, गर्दी नसते. दिवसा त्या एकट्याच असतात म्हणता, तर फोन करून जा. दारात गेल्यावर बेल एकदाच वाजवा. त्यांना उठून, वॉकर वळवून, कडीपर्यंत यायला वेळ लागेल. आतून 'आले, आले' असं ऐकू येईल. थांबा तेवढं.

— तुमची, ताई